दवाखान्याचं दार आणि डॉक्टरचा हात

 

आज दवाखान्याबद्दल बोलू. औषध-गोळ्यांचं आपल्या आशाताई सांगतातच. मला आज त्या दवाखान्याच्या दाराचा इतिहास सांगायचा आहे. ते दार सगळ्यांसाठी कधी उघडलं, कोणी उघडलं, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी, सिस्टरांनी सगळ्यांना सारखंच तपासायचं हे कुठे लिहून ठेवलंय, ते बघू. आपल्यातल्या कितीतरी जणी केसपेपर काढताना अशा उभ्या राहतात, जणू काही उसनं मागायला आल्या आहेत. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात एका पत्रापासून करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं काही आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात हे पत्र आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’ या गांधीजींच्या साप्ताहिकात ते छापून आलं होतं. काठियावाडातल्या एका दलित शाळामास्तरांचं ते पत्र. त्यांची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. जुलाब लागले, छातीत सूज आली, श्वास घेणं कठीण झालं. मास्तर डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत मी पाय ठेवणार नाही. मास्तरांनी गावातल्या मोठ्या लोकांना मध्ये घातलं, दोन रुपये फी कबूल केली. मग डॉक्टर आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. दोन दिवसांची बाळंतीण बाहेर आणावी लागली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्यानं ते नवऱ्याला दिलं, नवऱ्यानं बायकोला लावलं. मग त्याच वाटेनं ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात डॉक्टरनं आकडा बघितला, न्यूमोनिया झालाय म्हणाला आणि निघून गेला. नाडी बघितली नाही, छाती तपासली नाही. पुढे त्यानं औषध पाठवलं, पण पुन्हा यायला नकार दिला. ती बाई गेली.

या गोष्टीत डॉक्टर होता, औषध होतं, थर्मामीटर होतं, फीसुद्धा दिली होती. फक्त डॉक्टरचा हात रोग्यापर्यंत पोचला नाही. पुढचा सगळा कायदा समजून घ्यायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. दवाखान्याचं दार उघडणं एक, आणि आत गेल्यावर माणसाला माणसासारखा हात लावून तपासणं दुसरं. आपल्या देशाला या दोन्हींसाठी कायदे करावे लागले.

कायदा यायच्या आधीही काही माणसांनी हे काम केलं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईला दिवस गेले तर तिचं बाळंतपण करायला कोणी पुढे येत नसे. पोर मारायचं नाहीतर स्वतः मरायचं, एवढंच तिच्या हाती उरायचं. फुल्यांनी अशा बायांना सांगितलं की इथे येऊन बाळंत व्हा, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगनं थैमान घातलं, तेव्हा याच डॉक्टर यशवंतानं हडपसरजवळ सासाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. साठी पार केलेल्या सावित्रीबाई स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातून गायकवाडांच्या आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या बाळाचं बाळंतपण करायला समाज तयार नव्हता, त्याच बाळानं मोठं होऊन सगळ्या जातींच्या रोग्यांसाठी दार उघडलं, हे लक्षात असू द्या.

बायांच्या वाट्याला आणखी एक अडचण होती. परक्या पुरुषानं तपासायचं नाही आणि बाई डॉक्टर कुठे मिळायची नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं. बायांसाठी बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी धरलं. १८८३ मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या वारल्या. आज आपल्या उपकेंद्रात सिस्टर असते, लेडी डॉक्टर असते, त्याच्या मागे असं एकेक आयुष्य गेलेलं आहे.

पण चांगली माणसं सगळ्या गावांना पुरत नाहीत. काठियावाडातल्या त्या मास्तरांच्या गावात सावित्रीबाई नव्हत्या. म्हणून कायदा लागतो. समोरचा माणूस चांगला असो की वाईट, त्याला वागायला लावील असा कायदा.

त्या दिशेचं पहिलं मोठं पाऊल मुंबईत पडलं. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात, हा तो बोले ठराव. महाडच्या चवदार तळ्यामुळे पाण्याचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्याचं पाणी प्याले, ते याच ठरावाच्या आधारानं. पण त्याच ठरावात शाळा होत्या, कचेऱ्या होत्या आणि सरकारी दवाखानेसुद्धा होते. म्हणजे पाण्याची आणि औषधाची मागणी एकाच कागदावर होती. ठराव झाला तरी महाडला तळ्यावर जाणाऱ्यांना मार खावा लागला. नुसत्या ठरावाच्या मागे शिक्षा नसेल, तर तो पाळायचा की नाही हे गावातले मोठे लोक ठरवतात.

आणि आपल्या परभणीचं काय? परभणी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. बोले ठरावाचा कागद इथे लागूच नव्हता. इकडे शिवाशिव कशी होती, ते बाबासाहेबांनी त्याच आठवणींत लिहिलंय. १९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला आले. प्रवासाची धूळ होती, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्यानं हात-तोंड धुतलं. तेवढ्यावरून गलका झाला की यांनी पाणी बाटवलं. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही गत, तर आपल्या खेड्यातल्या आजारी बाईची काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. हा दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, २९ नोव्हेंबर १९४८ ला, दिल्लीत घटना समितीची बैठक होती. त्या एका दिवशी दोन मोठ्या गोष्टी मंजूर झाल्या. पहिली, अस्पृश्यता संपली, ती कोणत्याही रूपात पाळणं हा गुन्हा. हे आज घटनेचं कलम १७ आहे. दुसरी, धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान यावरून सरकार भेदभाव करणार नाही, आणि दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांवर कोणालाही अडवता येणार नाही. हे कलम १५.

यातल्या ‘दुकान’ या शब्दावर तिथे चर्चा झाली. सभासदांनी विचारलं की दुकान म्हणजे नक्की काय काय? डॉक्टरची, वकिलाची खोली त्यात येते का? बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हा शब्द आपण व्यापक अर्थानं वापरलाय. जो कोणी लोकांना आपली सेवा देऊ करतो, तो यात आला. बघा, कपडा विकणारा दुकानदार आणि पाटी लावून बसलेला डॉक्टर यांना घटनेच्या एका शब्दानं बांधून टाकलं. पाटी लावली, दार उघडलं, की जात बघून माणूस परत पाठवता येणार नाही. खासगी दवाखान्याला सरकारी नियम लागत नाहीत असं जे म्हणतात, त्यांना ही गोष्ट सांगा.

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. मुंबईकडे जे टप्प्याटप्प्यानं आलं, ते आपल्याकडे एकदम आलं. मग १ जून १९५५ पासून अस्पृश्यता गुन्हे कायदा लागू झाला. १९७६ मध्ये त्यात सुधारणा झाली, शिक्षा कडक झाली आणि त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा पडलं. त्याचं पाचवं कलम आपल्या कामाचं आहे. त्यात दोन भाग आहेत. पहिला, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला दवाखान्यात घ्यायला नकार देणं हा गुन्हा. दुसरा, आत घेतल्यावर त्या माणसाशी भेदभाव करणं हाही गुन्हा. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि वर दंड. पहिला भाग दाराचा आहे, दुसरा भाग हाताचा. काठियावाडातल्या त्या बाळंतिणीचा जीव ज्यामुळे गेला, ते सगळं या दुसऱ्या भागात बसतं.

२०१५ मध्ये अॅट्रॉसिटी कायद्यात सुधारणा झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला रुग्णालय, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यात जाण्यापासून अडवणं हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिला आहे. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ हे शब्द थेट कायद्यात आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत.

आता कोणी म्हणेल, जातीचं झालं, पण विटाळ आजाराचाही मानतात. खरंय. एचआयव्हीचं घ्या. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणानं रक्तदान केलं होतं. त्या रक्तात एचआयव्ही सापडला. पोलीस त्याला घेऊन गेले आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. गुन्हा काही नव्हता, फक्त आजार होता. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यातच तसं कलम होतं. त्याची आई लुसी डिसूझा हायकोर्टात गेली. कोर्टानं ते कलम रद्द केलं नाही, पण देशभर चर्चा झाली, आणि डॉमिनिकनं बाहेर आल्यावर एचआयव्ही असलेल्यांसाठी संस्था उभी केली. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका रोजंदारी कामगाराच्या बाजूनं निकाल दिला. माणूस काम करायला धडधाकट असेल, तर नुसत्या एचआयव्हीवरून त्याचं काम काढून घेता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. त्या खटल्यात कामगाराचं खरं नाव कोर्टानं बाहेर येऊ दिलं नाही. नाव झाकून न्याय मागता येतो, हे त्यातून लोकांना कळलं.

त्यानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, संसदेनं एचआयव्ही-एड्स कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत, विचारल्याशिवाय तपासणी करायची नाही, कोणाचा रिपोर्ट चारचौघांत सांगायचा नाही, असं तो सांगतो. आणि त्यातच डॉक्टर, सिस्टर, सफाई कामगार यांना हातमोजे, सुरक्षित साधनं आणि सुई टोचली तर लगेच औषध द्यायची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. हात लावा म्हणून सांगायचं, तर त्या हाताची काळजीही घ्यायला हवी.

कारण दवाखान्यात काम करणारी माणसंही आपलीच आहेत. आशाताई आपल्या गटातली असते. एखाद्या घरात तिचं औषध घेतात, पण तिला पाणी वेगळ्या पेल्यात देतात. हाही भेदभावच, आणि तो आपण करतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याचा व्यवसाय करू न देणं हाही अॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. डॉक्टर-सिस्टरवर हात उगारला, दवाखान्यात तोडफोड केली, तर २०१० चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. समान वागणूक दोन्ही बाजूंनी मागायची असते.

डॉक्टरांनी स्वतःही शब्द दिलेला असतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरनं करायची प्रतिज्ञा आहे. धर्म, वंश, पक्ष, सामाजिक दर्जा यांतलं काहीही मी माझं कर्तव्य आणि माझा रोगी यांच्या मध्ये येऊ देणार नाही, असा तिचा अर्थ आहे. आणि तातडीच्या वेळी तर कोणतंच कारण चालत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद मागून. अपघातातल्या एका माणसाला एका रुग्णालयानं दुसरीकडे पाठवलं आणि तो वाटेत गेला, त्यावरून तो खटला उभा राहिला होता.

मागे एका गटाच्या मासिक बैठकीत मी विचारलं होतं, दवाखान्यात तुम्हाला कसं वागवतात? आधी सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की सिस्टर लांबूनच बोलते. दुसरी म्हणाली, ऊसतोडीला गेल्यावर तिकडच्या दवाखान्यात म्हणतात, तुमच्या गावाला जा. तिसरी म्हणाली, कळा येत असताना ओरडले तर असं घाणेरडं बोलल्या, की पुढच्या खेपेला मी घरीच बाळंत झाले. हे तिसरं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शब्दानं दुखावलेली बाई दवाखाना टाळते, आणि मग घरात रक्तस्राव झाला तर वेळ हातात राहत नाही. वाईट वागणुकीची किंमत अशी जिवानं मोजावी लागते.

तेव्हा भेदभाव कोणता आणि कोणता नाही, हे आपल्याला कळलं पाहिजे. तुमच्या मागून आलेल्या सर्पदंशाच्या रोग्याला आधी घेतलं, तर तो भेदभाव नाही. ज्याचा जीव धोक्यात, तो पहिला, हा वैद्यकाचा नियमच आहे. पण दोघींना सारखाच ताप असताना एकीला खुर्ची आणि दुसरीला पायरी, एकीची नाडी हातानं बघितली आणि दुसरीला लांबूनच गोळी लिहून दिली, आडनाव ऐकून आवाज बदलला, तर तो भेदभाव.

असं झालं तर तिथे भांडू नका. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, हे घरी येऊन लगेच लिहून काढा. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवताईकडून लिहून घ्या. केसपेपर जपून ठेवा. उपचार नाकारले तर शांतपणे सांगा, कारण कागदावर लिहून द्या. तक्रार आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. खासगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं २०२१ च्या राज्याच्या नियमांनी बंधनकारक केलंय. ती लावली आहे का, ते बघा. जातीवरून अत्याचार झाला तर १४५६६ हा मदतीचा नंबर आहे. वकील लागला तर १५१०० वर फोन करा, किंवा कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यानं तो हक्क दिलाय.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं यावर बोला. कोणाला कुठे काय अनुभव आला, तो ऐकून घ्या. चांगला अनुभव असेल तर तोही सांगा, त्या सिस्टरचं, त्या डॉक्टरचं नाव घेऊन सांगा. आणि ज्या मैत्रिणीला एकटीला जायची भीती वाटते, तिच्यासोबत दोघींनी जा. केसपेपरच्या रांगेत तिच्या शेजारी उभ्या राहा.